हलकी म्हणून हसले मला

मित्रांनो, मी एक बॅटरी आहे, आणि नवी तर मुळीच नाही. चिटगुप्प्याला शंकरप्पांच्या दुकानातल्या फळीवरच माझं बालपण सरलं. मी लिथियमची, अंगानं किरकोळ पण कामाला चिवट. गिऱ्हाईक येई, मला एका हातानं उचली, हसे आणि परत ठेवून देई. आमच्याकडे बॅटरी उचलून पारखतात. जी कमरेत उसण भरवील ती चांगली!

एके दिवशी धम्मानंद आला. तो खजुरी गावचा, कोळारच्या कारखान्यात कामाला. त्यानं शाळेची जुनी व्हॅन घेऊन तिच्यात पलंग, शेगडी आणि छोटा फ्रिज बसवला होता. वैशाखी पौर्णिमेला आईला, विमलबाईंना, बुद्धगया दाखवायची होती. पण विमलबाई इन्सुलिन घेत. औषध थंड राहणार नसेल तर जायचंच नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रात्री इंजिन बंद असताना फ्रिज चालवायला वेगळी बॅटरी हवी होती.

शंकरप्पांनी मला पुढे केलं. मी हरखून गेले! सोबत आलेल्या विमलबाईंनी मला उचललं मात्र, त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हे कामून इतकं हलकं हाय? पाणी घालायची बुचं बी न्हाईत. धम्मा, रिकामा डबा द्यायलाय बघ ह्यो अण्णा."

"अक्का, हिला पाणी लागतच न्हाई," शंकरप्पा म्हणाले. ऐकतो कोण! मायलेकांनी ट्रॅक्टरची धिप्पाड बॅटरी धरून नेली. मला असा राग आला म्हणता!

दुसऱ्या दिवशी दोघं हजर. औषधाची जोखीम नको म्हणून त्यांनी फ्रिजमध्ये ताकाची बाटली ठेवून पाहिली होती. सकाळी फ्रिज गप्प आणि ताक कोमट.

"ट्रॅक्टर तर एका हिसक्यात उठवती की ही," धम्मानंद कुरकुरला.

"उठवंल की. एक हिसका द्यायचा, तेवढंच तिचं काम हाय," शंकरप्पा म्हणाले.

विमलबाई जरा विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "वरातीत नाचणारा येगळा अन् रातभर पंगतीला वाढणारा येगळा. आपल्याला वाढणारा पायजे. ते हलकं दे, अण्णा."

मला आभाळ ठेंगणं झालं! धम्मानंदनं मला पलंगाखाली, इंजिनच्या तापापासून दूर बसवलं. छतावरच्या सोलरमुळे दिवसभर पोटभर जेवले आणि रात्रभर फ्रिजला थोडं थोडं वाढत राहिले. उजाडताच विमलबाईंनी ताकाची बाटली काढून गालाला लावली. घरातून कपड्यांची पिशवी आणली आणि गाडीत ठेवली.

म्हणून सांगते मित्रांनो, वजनावर जाऊ नका. काय चालवायचं, किती वेळ चालवायचं, हे आधी ठरवा आणि मग आम्हाला निवडा. उन्हातान्हात आम्हाला टाकू नका, पार रिकामं होईपर्यंत पिळू नका. त्या धिप्पाड बहिणीलाही नावं ठेवू नका. तिला तिचा ट्रॅक्टर द्या.

आज आम्ही नागपूरच्या पुढे आहोत. उन्हानं डांबर वितळतंय. विमलबाईंनी फ्रिजमधली कुपी काढून सुई घेतली, तेव्हा त्यांचा घामेजला चेहरा पाहून धम्मानंद कचरला.

"आई, झेपत नसंल तर माघारी फिरू का?"

"औषध गार हाय न्हवं?"

"व्हय."

"मग गाडी काढ."