पाच सूत आखूड

पहाटे घोंगड्यातून हात बाहेर काढावासा वाटू नये अशी थंडी, आणि दहा वाजायच्या आत पत्रा तापून टकटक वाजायला लागेल असं ऊन. माघ सरतानाचा तो दिवस होता. रात्री दव पडलं होतं. अंगणातल्या हौदाच्या काठावर मी रात्रभर उघडाच राहिलो, त्यामुळं ओलागच्च होतो. लाकूड दवानं फुगतं, पण ते जाडीला फुगतं, लांबीला नाही. लांबीला फुगलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

मी गज बोलतोय. गवंड्याचा गज. दोन फुटांचा गज म्हणून मला ओळखतात. नुसतं ओळखतात असं का म्हणतो, ते सांगतो सावकाश. घाई माझ्या स्वभावात नाही.

निलंग्यात नरसिंग नावाचा सुतार होता. एका जुन्या दाराची सागवानी चौकट मोडली, तिच्यातून त्यानं मला काढलं. रंधा मारला, इंचाइंचाला खाचा पाडल्या, दर सहा इंचाला एक पितळी खिळा ठोकला. मग त्याच्या लोखंडी पट्टीला लावून मला तपासलं. एका इंचाचे आठ सूत, असे माझ्या अंगात एकशे ब्याण्णव सूत होते. एकही कमी नव्हता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढं सांगण्यासारखं एवढं चांगलं काही राहिलं नाही.

व्यंकटीनं मला घेतलं तेव्हा तो बिगाऱ्याचा नुकताच गवंडी झाला होता. शाळेत गेलेला नव्हता. आकडे ओळखायचा, पण माझ्या खाचा तो बोटांनीच वाचायचा. आम्ही दोघांनी निलंग्याच्या आसपास किती भिंती उभ्या केल्या त्याला गणती नाही. काही घरांत भिंत बांधायला आम्हाला आत घेत, आणि भिंत उभी राहिली की पाणी उंबऱ्याबाहेर देत. व्यंकटी त्यावर कधी बोलला नाही. भिंत मात्र त्यांचीही सरळच बांधली.

माणूस चांगला, पण खोड वाईट. तंबाखू मळायला थांबला की मला दगडावर उभा टेकवून अंगाचा सगळा भार माझ्यावर टाकायचा. वीट जागेवर बसेना की माझ्याच टोकानं तिला ठोकायचा. टोक झिजायला लागलं. वर्षाला केसभर. केसभराचं कोण काय मनावर घेतो? चाळीस वर्षांत पाच सूत गेले, आणि गेले ते नेमके जिथून मोजायला सुरुवात करतात त्या टोकाचे. माझ्या पहिल्या इंचात आता तीनच सूत उरलेत. डोळे असणाऱ्याला दिसावं एवढं ते उघड आहे. पण चाळीस वर्षं हातात असलेली वस्तू माणूस बघत नाही, नुसती धरतो.

आता रूपालीचं सांगतो. रूपाली व्यंकटीची सून. मुलगा आनंदराज ट्रकवर असतो, महिन्यातून दोनदा घरी येतो. रूपालीचं नववीनंतर लग्न झालं आणि शाळा तिथंच राहिली. ती एका दवाखान्यात केर-फरशी करते. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं, तू दहावी पास हो, मी तुला केसपेपरच्या टेबलावर बसवते. ही बाहेरून परीक्षेला बसली. बाकीचे विषय एका दमात सुटले. गणित राहिलं. ते दोनदा राहिलं. ही तिसरी खेप, आणि पेपर बारा दिवसांवर.

व्यंकटीला सुनेचं कौतुक फार. तो तिला त्याच्या पद्धतीनं शिकवायचा. गुणोत्तर आलं की अंगणात घमेलं घेऊन बसायचा. एक घमेलं सिमेंट, चार घमेली वाळू. "सिमेंट दोन झालं तर वाळू किती?" "आठ, मामा." "मग पुस्तकात दुसरं काय असतंय?" एकदा त्यानं अंगणात खुंट्या ठोकून दोरी ताणली. एका बाजूला तीन गज, दुसऱ्या बाजूला चार, आणि तिरपी दोरी बरोबर पाच गजांवर आणून बसवली. कोपरा काटकोनात आला.

"मामा, ह्याला पुस्तकात पायथागोरसचा सिद्धांत म्हणतेत," रूपाली म्हणाली.

"असंल. आमच्यात गुण्या लावणं म्हणतेत. तो बी गवंडीच असंल."

एवढं चांगलं चाललं होतं. घोडं अडायचं ते फुटाचा मीटर आणि मीटरचा लिटर करताना. म्हणून व्यंकटीनंच युक्ती काढली. आमच्याकडं नळाला आठव्या दिवशी पाणी येतं. आदल्या दिवशी हौद उपसून, घासून कोरडा ठेवतात. व्यंकटी म्हणाला, "गजानं हौद मोज, किती पाणी मावंल त्याचं गणित कर, आन् उद्या बादल्या मोजून भर. गणित बरोबर आलं का चुकलं, हौदच सांगंल तुला."

त्या हौदाला मी ओळखतो. मागच्या वर्षी व्यंकटीनं तो माझ्याच मापानं बांधला. दोन गज लांब, दोन गज रुंद, एक गज खोल. रूपालीनं मला लावून मोजलं, वहीत लिहिलं. चार फूट, चार फूट, दोन फूट. बत्तीस घनफूट. एका घनफुटाला अठ्ठावीस लिटर आणि वर थोडं. नऊशे सहा लिटर. बादलीच्या बुडाला पंधरा लिटर छापलेलं आहे, म्हणजे साठ बादल्या, वर चार-पाच तांबे. आकडेमोडीत तिचं काडीचंही चुकलं नव्हतं. चुकलेला मी होतो, आणि मला तोंड नव्हतं.

तर तो दवाचा दिवस. सकाळी नळ आला. रूपाली बादली ओतायची आणि मोठ्यानं आकडा म्हणायची. शेजारच्या बसम्मा कुडावरून डोकावल्या. त्यांचं माहेर पलीकडं कर्नाटकात, जीभ दोन्हीकडची तिखट.

"मिस्तरी, सून हौद भरतीया का पाढे म्हणतीया?"

"अभ्यास हाय तो. तुमास्नी न्हाई कळायचा."

"मला कळून काय करायचं हाय? मी काय दवाखान्यात बसणार हाय व्हय, टेबलावर."

त्रेपन्न, चोपन्न, पंचावन्न. छप्पन्नावी बादली पुरती रिकामी झाली नाही तोच पाणी काठावरून माझ्या अंगावर आलं. हौद भरला.

रूपाली बादली धरून तशीच उभी राहिली. "मामा, चार बादल्या कुठं गेल्या?"

"मोजायला चुकली असशील."

"न्हाई चुकले. बसम्मा मावशीनं बी ऐकलंय."

"म्या छप्पन्न ऐकलं बाई," बसम्मा म्हणाल्या. "कान किटले माझे."

"मग गणित चुकलं असंल. पुन्हा कर."

तिनं पुन्हा केलं. पुन्हा नऊशे सहा. ओट्यावर बसून तिसऱ्यांदा केलं. नळ गेला, ऊन वर आलं, बादलीभर धुणं तसंच पडलं, आणि ती अठ्ठावीसचा पाढा बोटांवर तपासत बसली. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो. माझा तो तीन सुतांचा पहिला इंच तिच्या डोळ्यांसमोर उघडा पडला होता. बाई, इकडं बघ, वहीत काय शोधतेस, असं मला किती म्हणावंसं वाटलं म्हणून सांगू. अशा वेळी लाकडाचा जन्म फार वाईट. कुठं जळून गेलो असतो तर परवडलं असतं.

शेवटी तीच हळू आवाजात म्हणाली, "मामा, गज तर चुकीचा नसंल?"

व्यंकटीनं मला उचलून काखेत घेतलं. "गज कसा चुकंल? निम्मं गाव उभं हाय ह्याच्यावर."

रूपालीनं वही मिटली. "मग मीच चुकते. मला येतच न्हाई ते. दोनदा तोंड फुटलं, तिसऱ्यांदा कशाला जाऊ?" पुस्तक, वही, कंपासपेटी सगळं पत्र्याच्या पेटीत गेलं. त्यावर तिनं गोधड्या रचल्या.

पाच-सहा दिवस तिनं पेटी उघडली नाही. व्यंकटी विचारायचा, "आज अभ्यास न्हाई व्हय?" ती म्हणायची, "काम हाय." मला त्या म्हाताऱ्याचा संताप यायचा. चाळीस वर्षं ज्याच्या हातात काढली त्याचा संताप येणं बरं नव्हे, पण यायचा. भिंतीचा केसाएवढा फुगवटा ज्याच्या तळहाताला कळतो, त्याला घरातल्या पोरीचं पडलेलं तोंड कळू नये?

मग एका दुपारी झाडताना रूपालीनं मला कोपऱ्यातून उचललं. तिचा अंगठा माझ्या टोकावर आला आणि पहिल्या खाचेवर अडला. ती थांबली. दुसऱ्या टोकाकडचा इंच तिनं अंगठ्यानं चाचपला. पुन्हा पहिला. झाडणी तिथंच टाकून तिनं गोधड्या उतरवल्या, पेटीतून पट्टी काढली आणि मला जमिनीवर आडवं घातलं. दोनदा मोजलं. एकोणसाठ सेंटीमीटर, वर चार मिलीमीटर. दोन फूट म्हणजे एकसष्टला जरासे कमी, हे तर तिला पाठ होतं.

तिनं नव्या मापानं हौदाचं गणित केलं. आठशे अडतीस लिटर. भागिले पंधरा. पंचावन्न भरून छप्पन्नावी काठाला. तिनं त्या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणीतरी बघितलं होतं.

संध्याकाळी तिनं व्यंकटीला सांगितलं. किती जपून सांगितलं. "मामा, भिंती तुमच्या वाकड्या न्हाईत. कोपरे काटकोनातच हायत. तीन गज, चार गज, पाच गज, समदे एकाच गजानं मोजलेत, तवा प्रमाण बिघडत न्हाई. फकस्त समदं थोडं थोडं आखूड हाय."

"आखूड?"

"दर गजाला पाच सूत."

"ती पट्टी पिलास्टिकची. उन्हात ताणली असंल."

"मामा, एकदा खाच तरी बघा."

"हे बघ, तुला पेपराला जायचं न्हाई तर जाऊ नको. पर माझ्या गजाला नाव ठेवू नको." त्यानं मला न बघताच खुंटीमागं सारलं.

पेपराला बसायचा कागद रूपालीनं चहाच्या डब्याखाली सरकवला आणि भाकरी करायला बसली. तिनं बरोबर उत्तर काढलं होतं, आणि तेही चूक ठरलं. पुन्हा वही उघडायची ती कशासाठी?

आज तिच्या पेपराचा आदला दिवस. व्यंकटीनं सकाळपासून तीनदा तंबाखू मळून फेकून दिली. दुपारी मला काढलं आणि तडक बसम्माच्या दारात. त्यांची पुढची खोली तीन वर्षांखाली आम्हीच बांधली, दहा बाय दहा.

"बसम्मा, खोली मोजू द्या जरा."

"मोजा की. पळून थोडीच गेलीया."

त्यानं मला भिंतीच्या बुडाशी लावलं. एक गज, दोन गज, तीन, चार. पाचवा बरोबर समोरच्या भिंतीला भिडला. दुसऱ्या बाजूलाही पाच. व्यंकटीनं सुस्कारा टाकला, कपाळाचा घाम पुसला. "बघा, दहा फूट. सुताचा फरक न्हाई. आन् पोरगी म्हणते गज आखूड."

ऐकलंत? ज्याच्यावर आळ त्याच्याचकडून निवाडा. माझ्याच मापानं बांधलेली भिंत मलाच लावून मोजली, तर ती चुकेल कशी? मी किती आखूड झालो ते मला विचारून कसं कळेल? ह्याच्याइतकं हताश मला त्या हौदाच्या काठावरही वाटलं नव्हतं.

आता मी बसम्माच्या भिंतीला टेकून उभा आहे. मला चुलीत घाला म्हणत नाही, खुंटीवर ठेवा असंही म्हणत नाही. माझी मागणी एवढीच आहे. ज्यानं जग मोजता, त्याला वर्षातून एकदा दुसऱ्या कशाला तरी लावून बघत जा. आणि हिशेब जुळला नाही तर घरात जो सगळ्यात हळू बोलतो, त्याच्याच माथ्यावर चूक मारू नका. मला हे बोलता आलं नाही. व्यंकटी जायला वळला होता, तेव्हा बसम्मा बोलल्या.

"मिस्तरी, थांबा. ह्या खोलीला म्या बाजारातनं दहा फुटाची चटई आणली, तवापासनं चार बोटं दुमडूनच टाकते. ह्या बाजूनं बी, त्या बाजूनं बी. भिंत तुमच्या हातची, तुमास्नी कसं म्हणावं म्हणून तीन वर्सं बोलले न्हाई. ती पोरगी बोलली, तर तिलाच खोटं पाडलंत. आता घरी जावा, आन् तिला सांगा गणित तुझं बरोबर होतं म्हणून. उद्या अकराला पेपर हाय तिचा."