रफार

बायकोने कोपराने ढोसले, तशी त्याने टोपी कपाळावर आणखी खाली ओढली.

"अहो, वर बघा तरी. तुमचाच बोर्ड ना तो?"

त्याने पाहिले. जुन्या बाजारपेठेचा हा रस्ता त्याने चाळीस वर्षे टाळला होता. आता बंद पडलेली दुकाने एकेक करून उघडत होती, भिंतींना रंग चढला होता, आणि रविवारी सकाळी लोकांना पायी हिंडवून सगळे दाखवत. बायकोने त्याला न विचारताच या फेरीसाठी दोघांची नावे दिली होती.

आरशांच्या दुकानावरचा बोर्ड जुन्या फोटोवरून हुबेहूब रंगवला होता. हुबेहूब म्हणजे चुकीसकट. 'आशीर्वाद' हवे तिथे 'आर्शिवाद'. दुसरीऐवजी पहिली वेलांटी, आणि रफार एक घर अलीकडे. त्याने मूळ बोर्ड चढवला त्या दिवशी चौकात लोक हसले होते. मालकाला तोंड न दाखवता त्याने ब्रश गुंडाळले ते कायमचे. पुढे तो वाचनालयात पुस्तकांच्या पाठींवर क्रमांक घालत राहिला. आकड्यांना रफार नसतो.

मालकाची सून दारात उभी राहून मंडळींना सांगत होती, "नाव चुकलंय असं सगळ्यांनाच वाटतं. पण आरशी म्हणजे छोटा आरसा. आरशीचं बोलणं, म्हणून आर्शिवाद!"

कुणीतरी "वा!" म्हटले. मंडळी पुढे सरकली. तो मागे रेंगाळला.

"हा अर्थ... तुमच्या सासऱ्यांनी सांगितला होता पेंटरला?"

"छे हो! पेंटरचीच करामत ती. मामंजी म्हणायचे, एवढा वाचणारा माणूस, उगाच लिहिणार नाही. महिनाभर डोकं खाजवलं, तेव्हा कुठे अर्थ लागला. पण धाकधूक होतीच. पेंटर एकदा येऊन 'बरोबर आहे' म्हणेल, म्हणून शेवटपर्यंत वाट बघितली त्यांनी."

त्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला.

"चूक होती ती," तो म्हणाला. "माझी."

सून हसायलाच लागली.

"काका, दर रविवारी कुणी ना कुणी चूक काढतंच. पण ती स्वतःची म्हणणारे तुम्ही पहिलेच!"

बायको पायरीशी थांबली होती.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"मग?"

"म्हणते, पेंटर फार वाचणारा होता."

"मग त्यात खोटं काय आहे?"

तो रस्त्याच्या मधोमध उभा राहून वर बघत राहिला. मनातल्या मनात रफार 'वा'वर ठेवून पाहिला, 'शि'वर ठेवून पाहिला. मग बोटाने हवेत अक्षरे गिरवू लागला आणि मध्येच थांबला. आशीर्वाद कसे लिहितात, तेच त्याला आठवेना.