‘मदतीशिवाय’चा रकाना

छकुली एकोणीस वर्षांची होती. अंगाने अशी दणकट, की दारात उभी राहिली तर मागचं काही दिसू नये. पाळण्यातलं लाडाचं नाव बदलायचं तेवढं घरच्यांकडून राहून गेलं होतं. विशेष मुलांच्या शाळेत ती शेवटच्या वर्गात होती आणि त्या वर्गाचा अभ्यास एकच, पोरांना कुठेतरी कामाला लावायचं. हा विषय बाईंचा. अकरा वर्षं त्या तो शिकवत होत्या, आणि आपल्याला तो येतो असा त्यांचा पक्का समज होता.

सहा आठवडे बाई छकुलीला रोज सकाळी इस्पितळाच्या धुलाईघरात घेऊन येत होत्या. काम दिसायला सोपं. धुऊन वाळलेली चादर दोन्ही हातांनी उजेडात धरायची. चांगली असेल तर घडी घालून गठ्ठ्यात ठेवायची, फाटकी किंवा डागाळलेली असेल तर लाल टोपलीत टाकायची. बाईंकडे एक तक्ता होता आणि त्यात प्रत्येक कामापुढे दोन रकाने होते, ‘मदतीने’ आणि ‘मदतीशिवाय’. पहिल्या आठवड्यात सगळ्या खुणा पहिल्या रकान्यात, सहाव्यात सगळ्या दुसऱ्या. इतका देखणा तक्ता बाईंच्या हातून आजवर झाला नव्हता. रिकामा वेळ मिळाला की त्या तो पिशवीतून काढून बघत.

शुक्रवारी चाचणी होती. धुलाईघराचा मुकादम तासभर काम बघणार, पसंत पडलं तर सोमवारपासून नोकरी. जागा एकच होती. ती हुकली तर शाळा संपल्यावर छकुली घरी बसणार. घरी बसलेल्या मुलांचं काय होतं हे बाईंनी पाहिलं होतं. टीव्हीसमोरची ठरलेली खुर्ची, आणि महिन्यामहिन्याने कमी होत जाणारं बोलणं.

गुरुवारी सकाळी बाई डोळे तपासून थेट कामावर आल्या. डॉक्टरांनी थेंब घातले होते आणि उजेड सोसवत नव्हता, म्हणून काळा चष्मा लावून त्या नेहमीच्या जागी उभ्या राहिल्या. छकुलीने पहिली चादर उचलली, उजेडात धरली, बाईंकडे बघितलं, आणि तशीच थांबली.

“काय झालं गं?”

छकुली चादर तशीच धरून होती.

“दमलीस का?”

छकुली मान वाकडी करून चष्म्याच्या कडेने आत डोकवायला लागली. बाईंच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. ते पुसायला त्यांनी चष्मा काढला आणि सहज चादरीकडे नजर टाकली. काठाजवळ भोक होतं. त्याच क्षणी छकुलीने चादर लाल टोपलीत टाकली.

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. छकुली थांबली. त्यांनी काढला. छकुलीचे हात चालू लागले.

म्हणजे छकुली चादरी बघतच नव्हती! चादरी बघत होत्या बाई, आणि छकुली बघत होती बाईंना. डाग दिसला की बाईंच्या भुवया जवळ येत, चादर चांगली असली की हनुवटी जराशी खाली जाई. बाईंना याचा पत्ता नव्हता, छकुलीला मात्र ते पाठ होतं. पोरगी हुशारच म्हणायची. सहा आठवडे तिने बाईंच्या तोंडाचा मन लावून अभ्यास केला होता, आणि तेवढा वेळ बाई शेजारी उभ्या राहून खुणा करत होत्या. कसल्या, तर ‘मदतीशिवाय’च्या!

दुपारी फाटकावर छकुलीचे वडील तिला न्यायला आले. ते बस चालवायचे, अंगावर अजून गणवेश होता.

“बाई, उद्या सुट्टी टाकलीय मी. आत येत नाही, इथेच थांबेन,” ते म्हणाले. “तिची आई कालपासून म्हणतेय, आपल्या मागे पोरीचं कसं व्हायचं ही काळजी सुटली एकदाची.”

“अजून चाचणी व्हायचीय.”

“ती काय, होईलच की. सगळं एकटी करते, तुम्हीच तक्ता दाखवलात ना!”

आता सांगावं, असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. “हो, करते,” त्या म्हणाल्या. आणि मग घरी पोचेपर्यंत स्वतःला शिव्या घालत राहिल्या.

शुक्रवारी मुकादमाला खरं सांगून टाकायचंच, असं ठरवून त्या लवकर आल्या. पण मुकादम बंद पडलेल्या यंत्रापाशी कारागिराला झापत होता. “नंतर बोलू, बाई. तुम्ही आमच्या ऑफिसात बसा. मुलगी एकटी करते ना?” एवढं म्हणून त्याने त्यांना आत पाठवलं.

ऑफिसला मोठी काच होती. काचेसमोर खुर्ची, आणि काचेपलीकडे बरोबर समोर छकुलीचं टेबल. बाई बसल्या. छकुलीने चादर धरली, काचेतून बाईंकडे बघितलं, आणि चादर गठ्ठ्यात ठेवली. दुसरी, गठ्ठ्यात. तिसरी लाल टोपलीत. यंत्राचं आटोपून टेबलाशेजारी येऊन उभ्या राहिलेल्या मुकादमाने समाधानाने मान डोलावली.

नुसतं बसून राहायचं होतं. तासभर भुवया आणि हनुवटी हलवायची, की एका घराची काळजी मिटली. कुणाला पत्ता लागला नसता. पण सोमवारी या खुर्चीत मुकादम बसणार होता, आणि त्याचं तोंड छकुलीला वाचता येत नव्हतं. आठवडाभरात तिला घरी पाठवलं असतं, आणि आपलं काय चुकलं हे तिला कधीच कळलं नसतं. बाईंनी उठून खुर्ची फिरवली आणि त्या काचेकडे पाठ करून बसल्या.

समोर कपाट होतं. मागून काहीच ऐकू येईना. मागे वळून बघू नये म्हणून त्यांनी खुर्ची दोन्ही बाजूंनी घट्ट धरली. मग दार वाजलं. छकुली चादर घेऊन आत आली आणि कपाट आणि खुर्ची यांच्यामधून अंग चोरत बाईंच्या पुढ्यात उभी राहिली. बाईंनी डोळे गच्च मिटले.

“बाई, डोळे.”

“तू बघ. मी नाही बघणार.”

“उघडा ना!”

आता ही रडणार, चादर टाकून पळणार, आणि बाहेर मुकादम बघत असणार. चादर सळसळली. छकुलीचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

“पाय दिसतात,” छकुली म्हणाली.

“काय?”

“चादरीतून. तुमचे पाय दिसतात. विरलीय.”

आणि ती गेली. बाईंनी डोळे उघडले तेव्हा त्यांना रडू येत होतं, पण तास अजून निम्माही झाला नव्हता.

तास संपल्यावर मुकादमाने दोघींना टेबलापाशी बोलावलं आणि लाल टोपली उपसली. “चार चांगल्या चादरी यात गेल्यात. पण गठ्ठ्यात फाटकी एकही नाही. हात फार सावकाश आहे.”

“साहेब, तक्त्यातलं काही खरं धरू नका,” बाई एका दमात बोलून गेल्या. “सहा आठवडे मीच तिला चेहऱ्याने सांगत होते. माझं मलाच कळलं नाही.”

“तक्ता वाचलाय कुणी? मी टोपली बघतो,” मुकादम म्हणाला. “महिनाभर घेऊन बघू. पण तुम्ही यायचं नाही.” मग तो छकुलीकडे वळला. “काय गं, येशील सोमवारपासून?”

छकुलीने बाईंकडे बघितलं.

‘हो’ म्हण, ‘हो’ म्हण, असं बाईंचा चेहरा ओरडत होता. तो दिसू नये म्हणून त्यांनी मान खाली घातली आणि मुकादमाच्या बुटांवर नजर रोवली. हा प्रश्न छकुलीला आजवर कुणी विचारलाच नव्हता. वडिलांनी नाही, आईने नाही, बाईंनी तर नाहीच. त्याला तक्त्यात रकानाच नव्हता.

“येईन,” छकुली म्हणाली. “चादरी नकोत. टॉवेल.”

“टॉवेल?”

“टॉवेल गरम असतात.”

गेलं सगळं! हातात आलेली जागा ही पोर नखऱ्यापायी घालवणार, अशा धास्तीने बाईंनी मान वर केली आणि डोळ्यांनी तिला जोरजोरात ‘नको, नको’ म्हणून खुणावलं. पण छकुली त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती मुकादमासमोर उभी होती आणि मुकादम हनुवटी खाजवत नुसता विचार करत होता.

“तोंडाने सांगा,” छकुली त्याला म्हणाली.