बरणीवरचा कागद

गोपाळ वकील तिखटाच्या बाबतीत एकाच कंपनीचे भक्त. त्याच कंपनीनं तिखटात रंग मिसळल्याचा माहितीपट त्यांनी टीव्हीवर पाहिला आणि त्यांचं डोकंच फिरलं. स्वयंपाकघरातून त्या नावाची बरणी उचलून ते तडक कचऱ्याच्या गाडीकडं निघाले.

त्यांची बायको विद्युल्लता हसत आडवी आली. "अहो, ठेवा ती! बारा वर्षं झाली मी त्यांचं तिखट बंद करून. घरचं दिलं की तुम्ही नाक मुरडत होता, म्हणून ह्याच बरणीत भरत आले."

गोपाळरावांनी चिमूटभर तिखट जिभेवर ठेवलं आणि खो खो हसत सुटले.

"यंदा मिरच्या आणायला खडेबाजारात मीबी येतो," म्हणत त्यांनी बरणीवरचा कागद नखानं खरवडायला घेतला. "चाळीस वर्षं वकिली केली गं, आणि घरात मात्र ह्याची साक्ष खरी मानत आलो!"