सहा यंत्रांनी मोजलेला गोळा

मित्रांनो, कपाटावर धूळ खात पडलेला हा जुना प्लास्टिकचा गोळा म्हणजे मी. माणसाच्या डोक्याएवढा आहे, पण आत मेंदू नाही, नुसतं घट्ट पाणी. तरी मेंदूच्या कामात माझ्याइतकी लुडबुड कुणी केली नसेल!

रुग्णालयात मेंदूचे फोटो काढणारं मोठं यंत्र होतं. फोटो स्वच्छ येतो का, हे पाहायला रोज सकाळी आधी मला आत सरकवत. माझं माप मात्र कुणी घेत नसे. यंत्र चालवणारे काका म्हणायचे, "चला राजे, पहिला मान तुमचा!" काय दिवस होते ते!

एकदा सहा रुग्णालयांनी मिळून दारूच्या व्यसनाचा मेंदूवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास काढला. एकेका ठिकाणी माणसं थोडी, म्हणून सगळ्यांचे फोटो एकत्र करायचे ठरले. काकांनी चाळीस जणांचे काढले, काही पिणारे, काही न पिणारे. पिणाऱ्यांत त्यांचा धाकटा भाऊ होता. हात थरथरत होते, तरी अर्धा तास निपचित पडून राहिला. "दादा, कुणाच्या तरी कामी येईन रे," म्हणाला. पुढल्या वर्षी तो गेला.

मग आकडेमोड करणाऱ्या ताई आल्या. "काका, तुमच्याकडचे मेंदू सगळ्यांपेक्षा लहान भरतात. हे चाळीस वगळावे लागतील."

काकांचा चेहरा पडला. "माझ्या भावाचाही? आणि न पिणाऱ्यांचे मेंदू कसे भरतात?"

"तेही लहानच."

"मग खोट माणसांत नाही, यंत्रात असेल. आमच्या राजेंना सगळीकडे मोजून बघा ना!"

झालं, पिशवीत बसून माझी स्वारी सहाही रुग्णालयांत फिरली. पाच ठिकाणी माझं माप सारखंच भरलं. आमच्या यंत्राने मात्र मला लहान दाखवलं! राग आला, खोटं कशाला बोलू? ताईंनी त्यावरून यंत्राची तूट काढली, चाळीसही फोटोंत ती भरून दिली आणि मगच सगळे एकत्र केले.

अहवाल छापून आला. त्यात नावं नव्हती, फक्त एकूण संख्या होती, दोनशे चाळीस. काकांनी तिच्यावर बोट ठेवलं. "आकडा दोनशेवर थांबला असता, तर आमचा तो यात नसता," म्हणाले आणि डोळे पुसले.

पुढे काका निवृत्त झाले, नवं यंत्र आलं, त्याच्याबरोबर नवा गोळाही आला. मी जरा पाझरू लागलो होतोच. गरज सरो, वैद्य मरो! माझी धूळ पुसा न पुसा. पण मित्रांनो, कुणी मापात कमी भरला, तर त्याला वगळण्याआधी मोजणारं यंत्र तपासून बघा. त्या चाळिसांत कुणाचा तरी धाकटा भाऊ असतो.