ठिपका नसलेला दगड

घरात तिला गोचीड म्हणत. नाव मोठ्या भावाने ठेवलेलं आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. एखादी गोष्ट धरली की ती सोडायची नाही, हा तिचा जन्मापासूनचा दोष. वय तेरा, अंगाने काडी, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर.

तिची आई कवळ्या बनवायची. दातांच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली होती, तिथे फळीवर लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे ठसे ओळीने मांडलेले असत, प्रत्येकावर पेन्सिलीने नंबर. गोचीड सुट्टीत तिथे बसून ठशांच्या कडा घासून द्यायची आणि आईचं एकच वाक्य ऐकायची: "दात हरवला तर नवा करता येतो गं. ठसा हरवला तर काय डोंबल बसवणार?"

तर अशा मुलीला आईने उन्हाळी शिबिराला पाठवलं. खडक ओळखायचे, तंबू ठोकायचे, नकाशा वाचायचा, नऊ दिवस. सुट्टीमुळे बंद असलेल्या एका शाळेत मुक्काम होता. बाकं भिंतीला रचून ठेवलेली, फरशीवर चोवीस अंथरुणं. शिबिरप्रमुखांच्या गळ्यात चोवीस तास शिट्टी, म्हणून ते शिट्टी सर. माणूस गाठी बांधण्यात पटाईत होता, हे कबूल करायला हवं. ओल्या लाकडावर चूल पेटवणं, पाठीवरचं ओझं नीट बांधणं, पावलं मोजून अंतर काढणं, हे सगळं त्यांनी मन लावून शिकवलं.

दगडांचं शिकवायला एक बाई होत्या. चौतीस वर्षं त्यांनी भूगर्भ खात्यात नकाशे काढण्यात घालवली होती आणि तेवढ्या काळात गुडघे झिजवले होते. मुलं त्यांना भूगर्भबाई म्हणत. बाईंचा नियम एकच, आणि तो त्या दिवसातून दहादा घोकून घ्यायच्या: सापडलं की आधी चित्र, मग अंतर, मग हात. जागेवरून उचललेला दगड नुसता दगड असतो, असं त्यांचं म्हणणं.

आठव्या दिवशी जीवाश्म शोधायची स्पर्धा होती. जिंकेल त्या एकाची निवड मोठ्या शिबिरासाठी व्हायची. तिथे खरे संशोधक असतात, खऱ्या उत्खननात हात लावायला मिळतो. गोचिडीने ते पहिल्याच दिवशी ऐकलं आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

नदीच्या वळणावर चुनखडीचा पिवळट कडा होता. बाईंचा गुडघा सुजला होता, म्हणून त्या शाळेतच थांबल्या. शिट्टी वाजली, मुलं पांगली, आणि दहा मिनिटांत आरडाओरडा सुरू झाला. मला सापडला, मलापण. सात दिवस ज्या कड्याने एक शिंपला दाखवला नव्हता, त्याच्या पायथ्याच्या खड्यांत आज जो हात घालेल त्याला गुंडाळलेला शंख मिळत होता, चकचकीत आणि सुटा. गोचिडीच्या जोडीला दहा वर्षांची एक मुलगी दिली होती, सगळ्यांत लहान, म्हणून टिकली. टिकलीलाही एक मिळाला. ती तो मुठीत घेऊन नाचत होती आणि तिची पिशवी मात्र गोचिडीच्या खांद्यावर होती, सकाळपासून.

गोचिडीला काही मिळेना. ती चिडून पुढे पुढे गेली आणि कड्याचा एक थर खांद्याइतका खाली आला होता तिथे थबकली. खडकातून एका शंखाची पाठ डोकावत होती. सुटा नव्हता तो. चांगला रुतून बसलेला होता. छिन्नीने आजूबाजूचा खडक तिने कण कण करून सोडवला, बोटं सोलवटली, अर्धा तास गेला, आणि शंख अलगद हातात आला. मागे खडकात त्याची खाच राहिली, वळणासकट, एकेका रेघेसकट. तिला इतका आनंद झाला की ती तशीच धावत सुटली. चित्र काढायचं ती साफ विसरली.

दुपारी शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं होतं. सर एकेक दगड हातात घेत, उलटा करत, खाली पाहत, यादीवर खूण करत. शाबास, पुढे. शाबास, पुढे. गोचिडीचा दगड त्यांनी उलटा केला. मग सुलटा केला. पुन्हा उलटा. नखाने खरवडून पाहिला.

"हा कुठून आणलास?"

"कड्यावरून."

"खरं सांग. घरून आणलास ना?"

तिला आधी वाटलं, सर गंमत करतायत. मग त्यांचा चेहरा पाहिला आणि तिचे कान तापले. "सर, मी अर्धा तास खोदून काढलाय. बोटं बघा माझी."

"चित्र दाखव."

चित्र नव्हतं. वहीत शेवटची नोंद होती ती जागेवर पोचतानाची: वाकडं झाड, तिथून पूर्वेला कड्याकडेने एकशे चाळीस पावलं. सरांनी वही बंद करून परत दिली. "स्पर्धा जिंकायची म्हणून लबाडी करायची नसते. माफीपत्र लिहून दे. प्रमाणपत्र देईन मी, पण निवडीचं विसर. या कड्यावर शंख चोवीस आहेत. तेवीस मुलांकडे आलेत आणि चोविसावा अजून जागेवरच आहे. हा पंचविसावा आला कुठून?"

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते गोचिडीला त्या क्षणी कळलं. "सर, कड्यात किती शंख आहेत हे तुम्हाला कसं माहीत?"

सरांनी यादी उलटी करून ठेवली. म्हणाले, "उलट उत्तरं देऊ नकोस. तुझ्या आईला फोन लावतो."

ती नळाशी जाऊन तोंडावर पाणी मारायला लागली. रडायचं नाही असं ठरवलं होतं, पण डोळे कुठे ऐकतात. लबाड. तिला. शेजारी टिकली आपला शंख धूत होती. चांगला घासून धूत होती, आणि मग म्हणाली, "ताई, हे जात नाहीये." शंखाच्या पोटाला एक पांढरा ठिपका होता. व्हाइटनरचा. शाळेच्या वहीत चूक झाकायला लावतात, तोच.

गोचिडीने दुसऱ्या मुलाचा शंख उलटा केला. ठिपका. तिसरीचा. ठिपका. ती तिथेच ओल्या फरशीवर बसली. सरांनी खूण करून पेरलेले तेवीस दगड खरे, आणि एकच दगड कड्याच्या पोटातून निघालेला, तर तोच खोटा. हसावं की ओरडावं तिला समजेना. सकाळी मुलं नाचत होती, ते आठवून तिला जास्त राग आला.

ऑफिसच्या खोलीत सर फोनवर बोलत होते, या वयात अशा चुका होतात वगैरे, अगदी समजूतदार आवाजात. मग त्यांनी फोन तिच्या हातात दिला. मागून प्लास्टर फेटायचा आवाज येत होता. आईने काम थांबवलं नव्हतं.

"आणलास घरून?"

"नाही."

"काढलास तिथे खाच आहे?"

"आहे."

"मग रडतेस कशाला? बसवून दाखव." आणि आईने फोन ठेवला. प्लास्टर घट्ट व्हायला चार मिनिटं लागतात, त्यात ती जास्त बोलत नसे.

"सर, कड्यावर चला," गोचीड म्हणाली.

"आता वेळ नाही. उद्याच्या समारोपाची तयारी आहे."

"मग मी माफी लिहीत नाही." आणि ती ऑफिसच्या दारात, उंबऱ्यावर, मांडी घालून बसली. सरांना बाहेर जायला तिला ओलांडावं लागलं असतं. त्यांनी समजावलं, दरडावलं, शिट्टीही फुंकली. भाऊ असता तर त्याने त्यांना सांगितलं असतं की याचा काही उपयोग नाही.

गडबड ऐकून भूगर्भबाई काठी टेकत आल्या. "चित्र काढलं होतंस?" त्यांनी आधी तेच विचारलं.

"नाही बाई. विसरले. ती माझी चूक आहे." तिने शंख पुढे धरला. "पण लबाडी नाही केली."

बाईंनी शंख हातात घेतला, भिंग लावलं, भेगांत अडकलेली पिवळी माती पाहिली. मग सरांकडे पाहिलं. "मी येते हिच्यासोबत."

"बाई, तुमचा गुडघा."

"गुडघ्याचं मी बघते."

बाई निघाल्या तशी टिकली निघाली, आणि टिकलीमागे बाकीची सगळी. मुलांना एकटं नदीवर सोडता येत नाही, हा नियम सरांनीच केलेला होता, म्हणून त्यांनाही यावं लागलं.

वाकड्या झाडापासून गोचिडीने पावलं मोजली. बाई मागून काठी टेकत येत होत्या, म्हणून सगळेच हळू. एकशे अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. समोर सपाट खडक. खालचा तो थर नाही, खाच नाही, काही नाही. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. कडा सगळीकडे सारखाच पिवळा दिसत होता.

"झालं समाधान?" सर म्हणाले. स्वर फार खवचट नव्हता. त्याचाच तिला जास्त संताप आला.

ती खाली बसली. काय चुकलं असेल? झाड तेच. दिशा तीच. पाय तिचेच. मग तिने एकदम मान वर केली. "टिकले, तुझी पिशवी दे."

दोन्ही खांद्यांवर दोन पिशव्या चढवून ती झाडापाशी परत गेली. ओझं असलं की पाऊल आखूड पडतं, हे तिसऱ्या दिवशी सरांनीच शिकवलं होतं, आणि सकाळी ती दोघींचं ओझं वाहत होती. या वेळी एकशे चाळिसावं पाऊल बरंच अलीकडे पडलं. तिथे खडकाचा तो थर खाली उतरला होता, ती मघाशी मोजण्याच्या नादात त्याच्यापुढून निघून गेली होती. जमिनीवर छिन्नीचा ताजा चुरा होता आणि खडकात खाच होती.

तिने कोणाकडे पाहिलं नाही. शंख खाचेला लावला. बसला नाही. थोडा फिरवला, तरी नाही. दवाखान्यामागच्या खोलीत आई कवळी ठशावर कशी बसवते ते आठवून तिने जोर कमी केला, बोटांनी नुसता सरकवला, आणि शंख आत गेला. टक. रेघेला रेघ लागली. मध्ये नखही जाईना.

बाईंनी काठी एका मुलाच्या हातात दिली, खडकाला टेकून वाकल्या आणि बराच वेळ पाहत राहिल्या. "आता चित्र काढ," त्या म्हणाल्या. गोचिडीने वही काढली. चित्र काढलं, खाली अंतर लिहिलं.

सरांनी घसा साफ केला. "ठीक आहे. माझा गैरसमज झाला. पहिला नंबर हिचा. टाळ्या वाजवा सगळ्यांनी."

आठ दिवस जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि गोचिडीला काडीचाही आनंद होईना. गैरसमज. बस, एवढंच. लबाड म्हणाले होते ते कुठे गेलं? ती बोलणार होती, ठिपक्यांचं सगळं बाहेर काढणार होती, शब्द अगदी जिभेवर आले होते. पण टाळ्या वाजतच नव्हत्या. तिने वळून पाहिलं. मुलं खाचेकडे पाहत होती आणि मग आपापल्या हातातल्या दगडाकडे.

टिकली पुढे आली. तिने मूठ उघडली. शंख चकचकीत होता, ठिपका वर.

"सर," ती म्हणाली, "माझा कुठे बसतो?"



"माझा पण दाखवा ना सर," मागून एक मुलगा म्हणाला. मग आणखी एक. कोणी ओरडत नव्हतं. मुलं खरंच विचारत होती, आपापला दगड पुढे धरून.

सरांनी शिट्टी तोंडापर्यंत नेली आणि परत खाली सोडली. बाईंनी टिकलीच्या हातातला शंख घेतला, उलटा केला, ठिपक्यावरून अंगठा फिरवला. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"सांगा तिला," बाई म्हणाल्या. "आम्ही थांबतो."