मालकाला मूलबाळ नव्हतं

पिन नीट बसली नव्हती. कागदांच्या डाव्या कोपऱ्यातून तिचं एक टोक वर आलं होतं, आणि ते अंगठ्याला दुसऱ्यांदा टोचलं तेव्हा जयसिंगच्या लक्षात आलं, की आपण हे पाच कागद गेली दहा मिनिटं नुसते हातात धरून गाडीत बसलो आहोत. शाळेच्या फाटकासमोर, इंजिन चालू ठेवून, मागच्या स्कूलबसचा हॉर्न ऐकत. गाडी पुढं घ्यायला हवी. घेऊ.

कागद प्रियदर्शनी मॅडमनी दिले होते. त्या मराठी शिकवायच्या आणि शाळेचा वार्षिक अंक काढायच्या. जयसिंग पालक संघात होता आणि अंकाच्या मागच्या पानावर दरवर्षी त्याची जाहिरात असायची — 'आप्पासाहेब वॉटर सप्लायर्स, हडपसर', वर वडिलांचा फोटो, खाली त्याचा. "ऋतुजाची कथा आहे," मॅडम म्हणाल्या होत्या. "या वर्षी आलेल्यांत सगळ्यांत चांगली. पण आपण एकदा वाचावी असं वाटलं. अंक उद्या छापायला जातो, चारपर्यंत कळवलंत तर बरं." मग चष्मा पुसत, कोरड्या आवाजात — "काल्पनिक आहे असं तिनं खाली लिहिलंय. दोनदा."

तेव्हा त्याला हसू आलं होतं. नववीतली पोर, लिहून लिहून लिहिणार काय? त्या पुस्तकांतलंच काहीतरी. पुस्तकं त्यानंच घेऊन दिलेली, मॉलमधल्या दुकानातून — जाडजूड, इंग्रजी, मुखपृष्ठावर बहुधा एक पाठमोरी मुलगी आणि तिच्यासमोर जळणारं नाहीतर बुडालेलं शहर. एकदा त्यानं विचारलं होतं, एवढं काय असतं गं यात? पानातून डोकं वर न काढता ती म्हणाली होती, "एक गव्हर्नमेंट असतं पप्पा. ते सगळ्यांचे गट पाडतं. कोण कुठं राहणार, काय खाणार, सगळं फिक्स. मग एक मुलगी असते."

"मग?"

"मग काय. ती नाही म्हणते."

हे त्याला इतकं आवडलं होतं की पुढं महिनाभर तो भेटेल त्याला सांगत होता — आमची ऋतुजा वाचते, पाचशे-पाचशे पानं. आपण दहावीला दोनदा बसलो हेही तो जोडीला हसत सांगायचा, म्हणजे पहिली गोष्ट अधिक उठून दिसायची.

गाडी त्यानं कालव्याच्या पुलाअलीकडं, एका बंद गॅरेजच्या सावलीत लावली आणि वाचायला घेतलं. कथेचं नाव 'गुरुवारची मुलगी'. साल दोन हजार एकसष्ट. शहरात नदी नाही, पाऊस नाही; एक विहीर आहे आणि तिचा एक मालक आहे. ज्या गल्लीला ज्या वारी पाणी, त्या वाराचं नाव तिथल्या माणसांना. सोमवारची माणसं, गुरुवारची माणसं. सोमवारच्यांनी गुरुवारच्यांत खेळायला जायचं नाही, लग्न तर लांबच. आणि भिंतीपलीकडं, काचेच्या इमारतींत, रविवारची माणसं — त्यांचा रोजच रविवार. इथवर जयसिंग कौतुकानं वाचत होता... पोरीनं डोकं चालवलंय. मग मालक आला. मालक पांढरे कपडे घालतो. मालकाला सगळ्यांची नावं पाठ आहेत. तो कुणावर ओरडत नाही. नाही म्हणायच्या आधी तो हसतो, आणि नाही असं तो म्हणतच नाही. तो म्हणतो, 'बघू की.'

जयसिंगनं आपल्या शर्टाकडं पाहिलं.

पण पांढरे कपडे काय, सगळेच घालतात. आणि बघू की — हे कोण म्हणत नाही? चेअरमन म्हणतात, बिल्डर म्हणतात, आपले आप्पासाहेब म्हणायचे. भाषाच आहे ती. तो पुढं वाचत गेला, आता जरा भराभर, पुढं खड्डा आहे हे माहीत असताना माणूस गाडी चालवतो तसा. 'मालकाचा हात नेहमी ओला असे, पण त्यातून थेंब कधी पडत नसे.' हे वाक्य त्यानं दोनदा वाचलं. चांगलं होतं ते. चांगलं आहे हे कळण्याचा त्याला त्रास झाला. चौथ्या पानावर ती मुलगी, गुरुवारची, एका शुक्रवारी घागर घेऊन मालकाच्या दारात येते. मालक हसतो, तिच्या डोक्यावर हात ठेवतो, म्हणतो, बघू की. पुढच्या आठवड्यात तिला अशा गावी पाठवून देतात, ज्या गावाला वारच नसतो. ती बंड करत नाही. भिंत चढत नाही. बस्स, जाते.

आणि मध्येच कुठंतरी, सहज सांगितल्यासारखं — 'मालकाला मूलबाळ नव्हतं. असतं, तर तो असा वागला नसता, असं गुरुवारची माणसं आपसांत बोलत.'

मूलबाळ नव्हतं... पुलावरून एक बस गेली, गॅरेजचं शटर थरथरलं. हे कुणासाठी केलं मग? मी विचारतो, कुणासाठी? उसाची जमीन आयटी पार्कवाल्यांच्या कंपाउंडात गेली, कोपऱ्यातली एक विहीर तेवढी भिंतीबाहेर राहिली. लोक म्हणाले बुजवून टाक, गाळे काढ. मी नाही बुजवली. आप्पांबरोबर याच कालव्याच्या भरावावर दुपार-दुपार बसलोय मी, खडकवासल्याचं पाणी आपल्या पाटात कधी वळेल याची वाट बघत. आणि पाणी वळवणारा पाटकरी सायकलवरून येताना दिसला की आप्पा, माझे आप्पा, टोपी हातात घेऊन उभे राहायचे. मी आठ वर्षांचा असेन. तेव्हाच ठरवलं, की आपल्या पोराबाळांना असं कुणापुढं उभं राहायला लागणार नाही. नाहीच लागलं. ती कधी उभी राहिली नाही कुणापुढं. आणि आता ती लिहिते, मूलबाळ नव्हतं.

विहिरीवर तीन टँकर रांगेत होते. पंपाचा आवाज, लोखंडी शिडी, पाइपातून पडणाऱ्या पाण्याचा गार वास... रोज इथं आल्यावर त्याला बरं वाटायचं. उत्तरेश्वर टँकरच्या टपावर बसून पाणी वर येताना बघत होता. कळंबकडचा माणूस, सात वर्षं त्याच्याकडं चालक. जयसिंगच्या बंगल्यामागच्या चौदा खोल्यांपैकी एका खोलीत राहणारा. भाडेकरूंना पाणी जयसिंगच्याच टाकीतून जायचं, कंपाउंडच्या भिंतीतल्या एका कॉकमधून. तेरा सालच्या उन्हाळ्यात विहीर तळाला गेली, तेव्हा जयसिंगनं वार लावून दिले होते. पुढच्या ओळीला सोम, बुध, शुक्र. मागच्या ओळीला मंगळ, गुरू, शनी. रविवारी टाकी धुवायची. सगळ्यांना पटलं होतं ते. निदान कुणी काही बोललं नव्हतं.

उत्तरेश्वरची खोली मागच्या ओळीत. त्याची मुलगी सृष्टी ऋतुजाच्याच वयाची. संध्याकाळी वह्या घेऊन बंगल्यावर यायची, दोघी जिन्याच्या पायऱ्यांवर बसायच्या. आणि त्या मे महिन्यात, शुक्रवारी — शुक्रवारच होता का? असेल — ती घागर घेऊन आली होती. आईला ताप आहे, अंथरूण धुवायचंय. तो व्हरांड्यात फोनवर होता, एका सोसायटीचा चेअरमन तीन टँकर कमी आले म्हणून तणतणत होता. त्यानं फोनवर तळवा ठेवला, हसला, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. एकीला दिलं की उद्या चौदा दारात येतील, हे तिला कसं सांगायचं? म्हणून तो जे म्हणायचं ते म्हणाला. मग फोन लांबला. मग तो विसरला. जूनमध्ये कधीतरी उत्तरेश्वरनं पोरीला गावी पोचवायला दोन दिवसांची रजा मागितली, आणि ती त्यानं दिली होती. लगेच दिली होती.

तेव्हा जिन्यात कुणी बसलं होतं का?

"सृष्टी काय करती रं आता?" त्यानं खालून विचारलं.

उत्तरेश्वर वरून वाकला. इतक्या दिवसांत मालकांनी हे कधी विचारलं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर आधी भीतीच आली. "बरी हाय की मालक. मायजवळ हाय माझ्या."

"शाळा?"

"शाळा लांब पडती तिथनं. आठवीनंतर घरीच हाय." मग थोडं थांबून, "कामून मालक? काय झालं?"

"काय नाही. सहज."

मालक. सात वर्षं हा माणूस हाच शब्द म्हणतो, आणि आज तो कानावर न पडता छातीवर पडल्यासारखा झाला. जयसिंग विहिरीच्या काठाशी गेला. पाणी वर होतं. डिसेंबर महिना, दोन पावसाळे होऊन गेलेले, कठड्यापासून हात-दोन हात खाली पाणी, हिरवं, तुडुंब. आणि वार तसेच आहेत. त्याला खरोखरच हे आजवर दिसलं नव्हतं — कुणी मागितलं नाही, म्हणून तो कॉक सकाळी एका बाजूला आणि दुसऱ्या सकाळी दुसऱ्या बाजूला फिरत राहिला. उद्यापासून दोन्हीकडं रोज सोडा, एवढंच म्हणायचं. तोंड उघडलंही. पण हे आज, असं अचानक, का म्हणून? उत्तरेश्वर विचारात पडेल. खोल्यांत बोलणी होतील. आणि पुन्हा उन्हाळा आला तर... तो पंपाचं प्रेशर बघायला वळला.

दुपारभर ती पानं शेजारच्या सीटवर होती. तो दोन सोसायट्यांत गेला. एका सोसायटीत कारंजं चालू होतं, आणि वॉचमननं त्याला उठून सलाम केला. लोक आपल्याला बघतायत असं त्याला सारखं वाटत होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे, आपणच आपल्याला बघतोय असं. चहावाल्याला त्यानं नावानं हाक मारली आणि लगेच ओठ मिटले. हसू आलं की ते अर्ध्यावर थांबवावंसं वाटे. छापू नका म्हटलं तर? मॅडम छापणार नाहीत. काही विचारणार नाहीत. मान हलवतील, चष्मा पुसतील. आणि ऋतुजाला कळेल... म्हणजे मग पाचव्या पानापुढं सहावं पान मीच लिहिलं असं होईल. छापा म्हटलं तर अख्खं हडपसर वाचेल. कोण वाचतं शाळेचे अंक? सगळे वाचतात, ज्यांनी वाचू नयेत ते नक्की वाचतात.

चारला पाच मिनिटं कमी असताना त्यानं फोन केला.

"छापा मॅडम. पोरांनी लिहायलाच पाहिजे. आपण कोण अडवणार?"

"आपण अडवू शकला असता," मॅडम म्हणाल्या. मग कागदांची सळसळ. "मागच्या पानावर जाहिरात नेहमीसारखीच ना? फोटोसकट?"

"ठेवा."

फोन खाली ठेवला आणि त्याला एकदम मोकळं वाटलं. मोठं वाटलं. बाप म्हणून यापेक्षा काय करायचं असतं माणसानं? स्वतःच्या विरुद्ध लिहिलेलं स्वतःच्या हातानं छापायला दिलं. तिला कळेल. आज नाही, पण कळेल. साडेपाचला क्लासच्या दाराशी तो गाडी लावून उभा राहिला तेव्हा हे सगळं कसं सांगायचं याची त्यानं मनात जुळणीही केली होती — फार बोलायचं नाही, सहज बोलता बोलता.

ऋतुजा मागचं दार उघडून आत बसली, दप्तर शेजारी ठेवलं. दोन सिग्नल गेले.

"मॅडमनी विचारलं का तुम्हाला?"

"विचारलं. छापा म्हटलं मी."

तो थांबला. आरशात तिचा अर्धा चेहरा दिसत होता, खिडकीकडं वळलेला.

"मीच सांगितलं होतं मॅडमना," ती म्हणाली. "पप्पांना विचारा म्हणून."

"का?"

"तुम्ही नाही म्हणाल असं वाटलं होतं."

"आणि म्हणालो असतो तर?"

"तर मला कळलं असतं ना, पुढं काय करायचं ते."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. पुढं रस्ता खणून ठेवला होता, गाड्या एकेक करून निघत होत्या. सबंध दिवस जो प्रश्न त्यानं जिभेखाली धरला होता तो आता, काही न ठरवता, बाहेर आला. "त्या मालकाला मूलबाळ का नाही दाखवलंस?"

तिनं दप्तर मांडीवर ओढून घेतलं.

"होती एक मुलगी," मग ती म्हणाली. "पहिल्या ड्राफ्टमध्ये होती. दोन पानं होती तिची. मग काढली."

"का?"

"तिला काय करायला लावायचं तेच कळेना. बुक्समध्ये ती भिंत ओलांडून जाते वगैरे. पण ही रोज आंघोळ करते ना, पप्पा. शुक्रवारी पण." दप्तराच्या चेनशी तिचा हात चाळा करत होता, उघड-मीट, उघड-मीट. "ती जिन्यात बसलेली असते आणि बघते. आणि मग वर जाऊन आंघोळ करते. असं कसं लिहिणार?"

सकाळपासून त्या विहिरीच्या शहरात जयसिंग एकटाच हिंडत होता, स्वतःवर चिडत, स्वतःची कीव करत, शेवटी तर स्वतःवर खूशही होत. आणि त्या सगळ्या वेळात त्या घरात अजून एक माणूस होतं, जिन्यात बसलेलं, जे त्याला एकदाही दिसलं नव्हतं. ती दोन पानं फाडलीस का गं? का आहेत अजून, कुठल्या वहीत? विचारावं... पण तिनं ती काढून दिली तर वाचायची ताकद आपल्यात आहे का, हे त्याला ठाऊक नव्हतं.

गाडी सिग्नलला थांबली. त्यानं आरसा थोडा खाली केला. तरी अर्धाच चेहरा. पुढची सीट रिकामी होती, आणि ती रिकामी आहे हे त्याला आत्ता कळलं. आधी ती इथं बसायची, सँडल काढून पाय डॅशबोर्डवर, आणि तो रागवायचा, काचेवर डाग पडतात म्हणून. कधीपर्यंत? गेल्या दिवाळीत? त्याच्या आधीच्या गणपतीत पुढं होती का मागं? तेरा सालच्या जूनमध्ये शाळा सुरू झाली, पहिल्या दिवशी मी सोडायला गेलो होतो, तेव्हा... सिग्नल हिरवा झालाय, मागचे लोक हॉर्न देतायत, ती म्हणतेय पप्पा, चला, आणि मी एकेक महिना मागं जातोय, आणि ती उठून मागं जाऊन बसली तो दिवस काही केल्या मला सापडत नाही.